ठकीला हलवू नका

परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "श्रीवर्धन कसं आहे हो?" मी म्हणते, मला काय विचारता. पोफळीच्या बागा आहेत म्हणे, समुद्र आहे म्हणे. मी निघाले होते श्रीवर्धनला, अडकले बरंच अलीकडे, आणि अडकले ती एका परक्या बाईच्या अंगणात. ज्यांना श्रीवर्धनची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी लिखाण शोधावं. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते त्या अंगणाचं.

एका जागी थांबणं म्हणजे मला शिक्षा. फलटणकडच्या एका शाळेत मी आयुष्यभर खेळाची शिक्षिका होते. शिट्टी वाजवायची आणि पोरींच्या पुढे धावायचं. निवृत्त झाले तरी जेवायला बसले की माझा एक पाय हलतच असतो, असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घोडी पाळली तीही नेमकी माझ्याच वळणाची. ठकी तिचं नाव. काठेवाडी, तांबड्या रंगाची, कानांची टोकं आत वळलेली, आणि जरा वेळ उभी राहा म्हटलं की खुरानं जमीन उकरणारी. आम्ही दोघी लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरतो. या शर्यतीत नुसतं पळून भागत नाही, घोडा धड परत आणावा लागतो. टप्प्याटप्प्याला डॉक्टर तपासतात, आणि नाडी वेळेत खाली आली नाही तर सरळ घरचा रस्ता दाखवतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर अशीच एक मोठी शर्यत होती, तीही समुद्रकाठी. आमचा माळ कोरडा ठणठणीत. त्या माळावर वाढलेल्या घोडीला ही दमट हवा सोसते का, ते बघायचं म्हणून हा सगळा घाट घातला. रेवदंड्यापासून किनारा धरून खाली जायचं, रोज थोडं थोडं. दादा पिकअप घेऊन पुढे जाणार. त्यात ठकीचं गवत, भरडा, पाण्याचे कॅन आणि दादाची स्वतःची गादी. गादीशिवाय दादा कुठेही जात नाही.

काशीद

ठकीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. पहिली लाट पायाशी आली तशी ती चारही पाय उचलून बाजूला झाली, आणि लाट मागे गेली तर तिच्या मागे धावली. पुन्हा लाट आली, पुन्हा तेच. मी खोगिरावर कशीबशी टिकले. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे होते, गळ्यात घुंगरं, कपाळावर प्लॅस्टिकची फुलं. त्यांचा मालक हसून म्हणाला, "बाई, तुमच्या घोडीला पयल्यांदाच पिकनिकला आणलीव वाटतं." एका कुटुंबानं तर आपलं लेकरू माझ्यापुढे धरलं, एक राउंड मारून आणा म्हणून. मी म्हटलं, मलाच अजून धड राउंड मारता येत नाहीये.

जेवायला तांदळाची भाकरी आणि बांगडा. दादानं भाकरी हातात धरून उजेडात बघितली. "शके, ह्या भाकरीत काय हाय का नुसती हवा?" म्हणाला, आणि सहा खाल्ल्या. बांगड्याशी मात्र त्याचं जमलं नाही. काटे काढता काढता त्याचा घास थंड व्हायचा.

एक गोष्ट मला तिथेच खटकली होती. आमच्याकडे घोडीचा घाम लगेच वाळतो, अंगावर मिठाच्या रेघा उमटतात. इथे ठकी दिवसभर ओलीच. घाम जातोय किती ते कळत नव्हतं, आणि मीठ घातलेल्या पाण्याला ती तोंड लावत नव्हती. दादा म्हणाला, "एवढा समिंदर हाय की पुढ्यात, त्यातलं पी म्हणावं." मी हसले. पण मन काही स्वस्थ बसेना.

आगरदांडा ते दिघी

खाडी ओलांडायची ती मोठ्या फेरीबोटीतून, गाड्यांसकट. पिकअपमध्ये घोडी बघून तिकीटवाला गोंधळला. ही गाडी धरायची, का सामान, का प्रवासी? मागे गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली तसा तो म्हणाला, "जाऊ द्या, कडेला उभी करा न् तिला गप ऱ्हायला सांगा." गप राहायला सांगून राहणाऱ्यातली ठकी नव्हे. बोट सुटली, मी कठड्याशी फेऱ्या मारत होते, तेवढ्यात एक किंचाळी ऐकू आली. पिकअपशेजारी उभ्या असलेल्या एका बाईंच्या अंबाड्यातला अबोलीचा गजरा ठकीनं वरून मान घालून अलगद काढून खाल्ला होता. बाई आधी रागावल्या, मग स्वतःच हसायला लागल्या, आणि उतरेपर्यंत ठकीच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या.

पलीकडे एका ओळखीच्या वाडीत एक दिवस विसावा ठेवला होता. ठकीला विसावा, मला कसला. मी त्या दिवशी किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा गेले ते माझ्या चपलांना विचारा. आणि इकडे दादानं ठकीचा बेंदूर केला.

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, त्याला गरम पाण्यानं धुवायचं, शिंगं रंगवायची आणि पुरणपोळी चारायची. वर्षभर राबणाऱ्या जनावराला एक दिवस काम नाही आणि पोटभर गोडधोड, हे आमच्या हाडात मुरलेलं. दादा म्हणाला, "दोन दिस पळाली बिचारी. आज तिचा बेंदूर." सकाळी तोबराभर भरडा, संध्याकाळी पुन्हा तेवढाच, त्यात भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा. मी बघितलं, आणि वर माझी एक ओंजळ टाकली. ठकीनं तोबऱ्याचा तळ चाटून काढला.

हमीदाखालांचं अंगण

सकाळी ओहोटी होती. वाळू ओली, घट्ट, लांबच्या लांब. ठकी आदला दिवसभर बांधलेली, मी दिवसभर कातावलेली. तिला मोकळी सोडली आणि काय पळाली म्हणून सांगू. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यानं आणि आनंदानंही.

किनारा सोडून गावाकडे वळलो तशी तिची चाल आखडली. मला वाटलं, नखरे. मी टाच मारली. ती चार पावलं गेली आणि पुन्हा आखडली. आता तिला दरदरून घाम फुटला होता, फुरफुरत होती, मान वळवून पोटाकडे बघत होती. मी खाली उतरले. पोटशूळ, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आमच्याकडे घोड्याच्या पोटात दुखलं की त्याला फिरवतात. मग मी तिला फिरवायला लागले. मशिदीच्या गल्लीतून वर, पुन्हा खाली. तिचे मागचे पाय जमिनीला घासत येत होते. ती थांबली की मी दोर ओढायची. "चल गं बाई, चल, मोकळं वाटेल," असं म्हणत मी तिला ओढत होते.

एका उघड्या फाटकापाशी ती वळली, अंगणात शिरली आणि खांबासारखी उभी राहिली. नव्यानं सारवून घेतल्यासारखं सिमेंटचं लखलखीत अंगण, कडेला रंगाचे डबे, घराला ताजा पांढरा रंग. आणि त्या अंगणात ठकीनं पाय फाकवले आणि मुतली. काळी कॉफी ओतावी तसं.

आतून एक उंच, सुपारीसारख्या वाळक्या अंगाच्या बाई तरातरा बाहेर आल्या. ह्याच हमीदाखाला, म्हणजे हमीदामावशी. तोंडाशी आलेले शब्द त्यांनी तो रंग बघून गिळले.

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "हिला काय झालंय गो?"

"पोटात दुखतंय," म्हणत मी पुन्हा दोर ओढायला लागले. खालांनीच आतून फोन आणला आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना लावून दिला. खालांच्या बकऱ्यांना त्याच बघत. डॉक्टर प्रज्ञा. पलीकडून त्यांनी एकच विचारलं, "आत्ता उभी आहे का?"

"उभी आहे, पण पोटात दुखतंय तिच्या. मी फिरवतेय."

"फिरवू नका. आहे तिथंच राहू दे. एक पाऊल नको."

"पण डॉक्टर, पोटशूळ असेल तर..."

"मॅडम, एक पाऊल नको. मी निघाले."

डॉक्टर स्कूटरवरून आल्या. वय माझ्या विद्यार्थिनींएवढं, डोक्याला स्कार्फ, पाठीवर केवढी तरी बॅग. त्यांनी माझा हात धरून ठकीच्या मागच्या पुठ्ठ्यावर ठेवला. रोज मी तिथे थोपटते. तिथे हाताला मऊ मांस लागतं. आता पाट्यावर हात ठेवावा तसं लागलं.

"पोट नाही. स्नायू आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "कामानं स्नायू आतून तुटलेत. तुटले की त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं, तिथून मूत्रपिंडात. म्हणून हा रंग. मूत्रपिंडं चोंदली तर घोडी जाते. आणि प्रत्येक पावलाला आणखी तुटतं."

मी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. केवढी चालवली होती मी तिला.

तेवढ्यात दादा पिकअप घेऊन शोधत आला. डॉक्टरांनी विचारलं, काल काम काय होतं आणि खायला काय दिलं. दादानं बेंदराची सगळी हकीकत सांगितली, हरभरे आणि गुळासकट, थोडी अभिमानानंच.

"दादा, बैलाचं वेगळं," डॉक्टर म्हणाल्या. "घोड्याचं काम ज्या दिवशी बंद, त्या दिवशी दाणा आधी कमी करायचा. दाण्याची सगळी ताकद स्नायूंत साठते आणि दुसऱ्या दिवशी एकदम पळवलं की असं होतं. सगळ्या घोड्यांना होत नाही, काहींच्या अंगातच असतं. त्यात हिचं मीठपाणी घामात गेलेलं."

दादा टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

सलाईन लावायचं होतं, बाटल्यांमागून बाटल्या. दुखणं थांबवायचं इंजेक्शन लगेच देता येईना. अंगात पाणी भरल्याशिवाय ते औषधच मूत्रपिंडांना बाधतं, असं डॉक्टर म्हणाल्या. आता बाटल्या टांगायच्या कशाला? आणि नेमका त्याच वेळी बांबूंनी भरलेला टेम्पो फाटकात येऊन थांबला. तेव्हा मला कळलं की हे अंगण असं लखलखीत का केलं होतं. खालांच्या मुलीचा, नाझियाचा, निकाह होता, परवा. मांडव आज पडायचा होता.

मांडववाल्यानं अंगणावर नजर टाकली आणि तो थेट माझ्याकडे आला. "बाय, घोरी जरा बाजूला घे. मधला खांब हितंच येतंय."

"ती हलणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"मंग मांडव कसा घालू?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परक्याच्या घरी लग्न, आणि अंगणाच्या मधोमध माझी घोडी. मी खालांना म्हटलं, "आम्ही काहीतरी करतो, ट्रक बघतो."

"ट्रकात घालशील म्हंजे हलवशीलच ना," खाला म्हणाल्या. मग मांडववाल्याकडे वळून, "मेहमान हाय ती. आधी आली, इतकंच. तू खांब सरकव. मांडव तिच्यावरनं घाल."

आणि खरोखर तसा मांडव पडला. गुलाबी कापडाच्या छताखाली एका बाजूला खुर्च्या, एका बाजूला ठकी, आणि तिच्या डोक्यावरच्या आडव्या बांबूला सलाईनच्या बाटल्या. झालर लावताना मांडववाल्यानं ती बाटल्यांना अडणार नाही एवढी उचलून बांधली, कुणी न सांगता.

डॉक्टरांनी मला काम नेमून दिलं. ठकी मुतेल तेव्हा पांढऱ्या भांड्यात धरायचं आणि रंग बघायचा. रंग उतरेपर्यंत तिला जागेवरून हलवायचं नाही. खालांनी आइस्क्रीमसाठी आणलेला पांढरा डबा दिला. तो घेऊन मी घोडीच्या मागे उभी. मी, जिला बसस्टॉपवर पाच मिनिटं थांबवत नाही. मी ठकीभोवती चकरा मारायची, मग मांडवाभोवती, मग फाटकापर्यंत आणि परत. नाझिया खिडकीत मेंदीचे हात पसरून बसली होती. ती म्हणाली, "टीचर, बसा की जरा. न्हायतर डॉक्टरांना सांगून तुमालाच सलाईन लावते."

गल्लीला बातमी लागायला वेळ लागला नाही. सांदण करायला जमलेल्या बायका, पाणी भरणारे, नमाजाला जाणारे म्हातारे, जो तो फाटकातून विचारायचा, "रंग काय?" मी डबा दाखवायची. "काळा चहा," एक बाई म्हणायची. दुसरी बारकाईनं बघून म्हणायची, "न्हाय गो, सकाळपेक्षा पातळ हाय. कोकमाचं आगळ." मला हसू यायचं आणि रडूही. सांदण म्हणजे तांदळाचं वाफवलेलं, गोडसर, मऊ. माझ्या हातात बशी ठेवली जायची, मी उभ्या उभ्या खायची, आणि चव लागायची ती दुसऱ्या घासाला.

दुसऱ्या दिवशी ठकी मुतलीच नाही.

सकाळ गेली, दुपार झाली. ती मान खाली घालून उभी, खालचा ओठ सुटलेला. खुरानं जमीन उकरत नव्हती. एरवी मी त्या सवयीवर ओरडते, त्या दिवशी मी मनात म्हणत होते, उकर गं, सगळं अंगण उकर. रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला आणि माझ्याकडे न बघता आणखी बाटल्या काढल्या. "मूत्रपिंडांवर ताण आहे," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, वाचेल का. "आज संध्याकाळपर्यंत मुतली तर बोलू."

तेव्हा माझा तोल गेला. दादा गवताची पेंढी सोडत होता. मी त्याच्या अंगावर गेले. "तुझ्या त्या बेंदरानं मारली माझी घोडी," म्हटलं, आणि असंच आणखी बरंच काही, जे इथे लिहीत नाही. मांडवातल्या बायका हातातलं काम सोडून बघायला लागल्या. दादा पेंढी तिथेच ठेवून पिकअपमध्ये जाऊन बसला आणि जेवायला बोलावलं तर आला नाही. दादा जेवायला आला नाही असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

शेवटी मीच ताट घेऊन गेले. "वरची ओंजळ माझी होती," मी म्हटलं. "आणि ओढत फिरवली तीही मीच."

"म्हाईत हाय," दादा म्हणाला. "म्या बघितली व्हती वंजळ." मग ताट हातात घेऊन म्हणाला, "शके, ती मेली तर म्या परत कुनाचा बेंदूर करायचा न्हाई."

आम्ही दोघं पिकअपच्या फळीवर बसून जेवलो. दिवस मावळताना नाझियाची हाक आली, "टीचर, डबा."

थोडीच झाली. आणि काळीच. पण झाली. डॉक्टरांनी पहिल्यांदा खुर्ची ओढून घेतली आणि त्या बसल्या.

निकाहाच्या दिवशी मांडव माणसांनी भरला. म्हसळ्याहून वरात आली. नवरामुलगा कुवेतला नोकरीला. मांडवात शिरताच थबकला आणि हळूच विचारता झाला, की ही घोडी आपल्यासाठी आणलीय का. नाही, ती आजारी आहे, कुणीतरी सांगितलं. तो बिचारा ठकीलाही सलाम करून पुढे गेला. जेवणं सुरू होती, डाल-गोश्ताचा वास दरवळत होता, मी भिंतीला टेकून उभी, आणि ठकीनं पाय फाकवले. मी डबा घेऊन धावले, पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून, कुणाच्या तरी शेरवानीला धक्का देत. डबा अर्ध्याच्या वर भरला. मी तो उजेडात धरला. सगळा मांडव हात थांबवून बघत होता.

जरीच्या ओढणीतून नाझियानं खिडकीबाहेर डोकं काढलं. "रंग काय?"

दादानं माझ्या हातातून डबा घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. फिक्कट पिवळा. एक म्हातारे चाचा जेवता जेवता म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह, आता रोटी वाढा." मी मांडवातच हमसून रडले. माझं बघून नवऱ्याकडच्या बायकाही रडायला लागल्या. त्यांना वाटलं, मी मुलीची मावशी असेन.

खाला तेव्हा रडल्या नाहीत. संध्याकाळी नाझिया गाडीत बसली, गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा त्या फाटकाला धरून उभ्या होत्या, बराच वेळ. एकच मुलगी. आत गेल्या तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

पुढच्या सकाळी मांडव उतरला. डॉक्टरांनी ठकीचे पुठ्ठे दाबून बघितले, पुन्हा रक्त घेतलं, बराच वेळ नाडी धरली. "वाचली," म्हणाल्या. मग बॅग आवरत, "शर्यत विसरा. यंदा तर नाहीच. पुढंही, खरं सांगायचं तर, मला वाटत नाही." मला वाटलं होतं हे ऐकून काहीतरी तुटेल आत. तसं झालं नाही. मी "बरं" म्हटलं.

"आता तिला चालवायची," डॉक्टर म्हणाल्या. "इथून फाटकापर्यंत, सावकाश. ओढू नका. दोर सैल ठेवा."

मी दोर हातात घेतला आणि माझे पाय उचलेनात. इतके दिवस चकरा मारून अंगण झिजवणारी मी, आणि मला एक पाऊल टाकवेना. तुटलं पुन्हा आत काही तर. काळी झाली पुन्हा तर. ती उभी आहे ना, जिवंत आहे ना, मग राहू दे अशीच उभी. मी डॉक्टरांना म्हटलं, "उद्या चालवू."

"आज," डॉक्टर म्हणाल्या.

मी तशीच उभी. दादा खाली मान घालून उभा. खाला ओट्यावरून उतरून आल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात, डोळे सुजलेले होते. त्यांनी ठकीच्या मानेवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "बाय, मी काल माझी सोडली ना गो. तू फाटकापतूर तरी ने."

ठकीनं पाय उचलला. मी तिच्याकडे न बघता चालायला लागले. बघितलं असतं तर थांबले असते.